चुलत की मामे

हर्षदा वारुंगसेचा पगार संशयावर चालायचा. नाशिकच्या एका सहकारी बँकेत ती फसवणूक प्रतिबंध कक्षात होती, आणि २०४३ सालात त्या कक्षाला क्षणाची उसंत नव्हती. मेलेले नवरे फोनवर बोलायचे. परदेशातली नातवंडं पडद्यावर ढसाढसा रडायची, अगदी गालावरच्या तिळासकट. ही सगळी यंत्रांनी घडवलेली सोंगं असत आणि म्हातारी माणसं त्यांना भुलत. हर्षदाला तिथे दहा वर्षं झाली होती. कोणी गोड बोललं की तिच्या मनात पहिला प्रश्न यायचा, याला हवंय काय? ही सवय ती घरीही घेऊन आली होती. बत्तिसाव्या वर्षापर्यंत सांगून आलेली सात स्थळं तिने याच सवयीने परतवून लावली होती.

त्यामुळे त्या रविवारी जेवताना वडिलांनी फोन तिच्यापुढे धरून "हे बघ, मला चुलतबहीण मिळाली" असं सांगितलं, तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

वडील म्हणजे दत्तात्रय वारुंगसे, घरात आणि गल्लीत सगळ्यांचे नाना. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले, बासष्टीचे, घाऱ्या डोळ्यांचे. महिन्याभरापूर्वी ते समाजाच्या वधू-वर मेळाव्याला गेले होते. गेले होते हर्षदासाठी स्थळ बघायला, पण रमले 'कुळाचा दाखला मोफत' असं लिहिलेल्या टेबलापाशी. तिथे नळीत थुंकायचं, आणि चार आठवड्यांनी आपल्या रक्तात कुठलं काय आहे त्याचा कागद घरी यायचा. बाकीच्यांचे कागद अपेक्षेप्रमाणे आले. नानांच्या कागदावर खाली एक ओळ जास्तीची होती: 'साडेबारा टक्के, उत्तर आयर्लंड, मूळ स्कॉटलंड.'

"मशीन बिघडलंय त्यांचं," असं म्हणून आईने विषय संपवला होता. नानांनी मात्र आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे बघत "तरीच!" म्हणून घेतलं होतं.

आता त्या साडेबारा टक्क्यांना तोंड फुटलं होतं. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरातून एका बाईचा निरोप आला होता, आणि भाषांतरयंत्राने तो मराठीत करून दिला होता. 'प्रिय चुलतभाऊ दत्तात्रय, मी इझोबेल मॅककिलॉप. वय एकाहत्तर. एक गुडघा बाद, अकरा कोंबड्या. तुम्ही सापडलात म्हणून मी आज चर्चमध्ये इतक्या मोठ्याने गायले की शेजारीण दचकली.'

"अकरा कोंबड्या!" नाना खुशीत म्हणाले.

"नाना, ही माणसं अशीच सुरुवात करतात."

"अगं, कोंबड्या सांगून कोण फसवतं?"

"तेच सांगून फसवतात."

इझोबेलबाईंची कुळकथा मोठी होती. चारशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधली हजारो कुटुंबं समुद्र ओलांडून आयर्लंडच्या उत्तरेला गेली आणि तिथे शेती करू लागली. पुढे त्यांचीच मुलंनातवंडं जहाजं भरभरून अमेरिकेला गेली. स्कॉट्स-आयरिश म्हणतात ते हे लोक. डोंगर दिसला की त्याच्या कुशीत घर बांधायचं, आपसात लग्नं करायची, आणि कोण कोणाचा कोण हे पाठ ठेवायचं, असा त्यांचा स्वभाव. बाईंनी वीस वर्षं खपून आपल्या घराण्याचं झाड जोडलं होतं, आणि त्याची एक फांदी नानांच्या मूळ गावाकडे, घोटीच्या बाजूला, येऊन लटकत होती.

ही जुळणी कशी होते ते हर्षदाला ठाऊक होतं, कारण बँकेत त्याचंही प्रशिक्षण झालं होतं. आपल्या पेशीत पत्त्यांच्या कॅटसारखे जनुकांचे दोन कॅट असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. मूल होताना हे दोन्ही पिसून त्यांतून एकच कॅट पुढे दिला जातो. पण पिसणारा हात आळशी असतो. तो पत्ते एकेक करून मिसळत नाही, गठ्ठेच्या गठ्ठे उचलून ठेवतो. म्हणून पाच-सहा पिढ्यांनंतरही काही गठ्ठे त्याच क्रमाने शाबूत राहतात. पृथ्वीच्या दोन टोकांच्या माणसांत तोच लांबलचक क्रम सापडला, तर दोघांचा कोणीतरी पूर्वज एक आहे हे नक्की. इथपर्यंतचं शास्त्र जुनं होतं. नवं हे, की एका माणसाचे शेकडो वंशज हाती लागले तर त्यांच्याकडचे गठ्ठे गोळा करून यंत्र त्या मेलेल्या माणसाचा अख्खा कॅट पुन्हा लावत होतं, आणि चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्यांशी ताडून त्याला नाव देत होतं.

तसा इझोबेलबाईंचा पूर्वज थॉमस मॅककिलॉप लागला होता, तीनशे चाळीस वंशजांच्या तुकड्यांतून. त्याचा एक मुलगा टेनेसीला गेला, ती इझोबेलबाईंची शाखा. दुसरा, सॅम्युएल, रेल्वेचा इंजिनिअर होऊन कसाऱ्याच्या घाटात सहा वर्षं राहिला आणि १९०० साली परत गेला. वहीप्रमाणे तो बिनलग्नाचा, बिनमुलाबाळांचा मेला. पण त्याच वेळी घाटात खडी फोडायला जाणाऱ्या बायकांमध्ये नानांच्या आजोळची भागूबाई गतीर होती. तिचा मुलगा हरी घारा होता, आणि त्याची दोन्ही मुलंही घारी. घरात याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं. डोळ्यांना कोण काय विचारणार?

"आता विचारलंय ना त्या बाईने," आई ताटं उचलताना म्हणाली. "उद्या गावभर होईल."

पुढच्या पंधरवड्यात रोज निरोप यायला लागले. नाना कॉलेजातल्या पोरासारखे फोन उघडून बसायचे. त्यांनी आपल्या कडीपत्त्याचा फोटो पाठवला, तिने कोंबड्यांचा. हर्षदा शेजारी बसून सगळं वाचायची आणि कुठेतरी पाणी मुरतंय म्हणायची. आधी तिला पुरावा मिळेना. मग प्रश्नांची दिशा बदलली.

'तुमच्या घरातले पुरुष साधारण किती वयात जातात?'

'तुमची कातडी अलीकडे काळवंडली आहे का? थकवा येतो का?'

'हाताच्या मुठीत, पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांत दुखतं का?'

"दुखतं की," नाना मूठ वळून बघत म्हणाले. "हिला कसं कळलं?"

"साठीच्या माणसाला कुठेतरी दुखणारच. ज्योतिषी असंच सांगतात," हर्षदा म्हणाली. मनात मात्र तिची घंटा वाजली. वय, प्रकृती, घराण्यातले मृत्यू. मागच्याच वर्षी त्यांच्या बँकेच्या एका खातेदाराला, निवृत्त पोस्टमनला, अशाच एका लांबच्या 'पुतण्याने' परदेशी नेलं होतं. जनुकं जुळणारा नातलग म्हणून त्याच्या यकृताचा तुकडा काढून घेतला आणि त्याला विमानतळावर सोडून दिलं. तिने त्या माणसाच्या पोटावरचा टाका डोळ्यांनी बघितला होता.

मग तो प्रश्न आला. नानांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचे कान लाल झाले. फोन त्यांनी हर्षदाच्या मांडीवर टाकला.

'दत्तात्रय, राग मानू नका. तुमचे आईवडील एकमेकांचे चुलत भाऊबहीण होते का?'

"चुलतबहीण म्हणजे सख्खी बहीण असते आमच्यात!" नानांचा आवाज चढला. "राखी बांधते ती! काय समजते ही बाई आम्हाला? माझ्या आईबापाला असलं विचारते?"

"मी देते उत्तर." हर्षदाने लिहिलं: 'नाही. आमच्या समाजात असलं घडत नाही. पुन्हा विचारू नका.'

"बरोबर लिहिलंस," नाना म्हणाले. पण उठताना चेहरा पडलेला होता. मैत्रिणीने तोंडावर घाण बोलावं तसं त्यांना लागलं होतं.

त्या संध्याकाळी हर्षदाने वडिलांच्या फोनवर गाळणी बसवली. बँकेत हे तिचं रोजचं काम होतं. आता टेनेसीचा कुठलाही निरोप आधी तिच्याकडे येणार होता, आणि नानांना त्याचा पत्ता लागणार नव्हता. त्यांना विचारावं असं तिच्या मनात आलं नाही. फसणाऱ्या माणसाला विचारून कोणी कुलूप लावत नाही, असं तिला दहा वर्षांत पक्कं शिकवलं गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला.

'प्रिय दत्तात्रय, माझ्या प्रश्नाने तुम्ही दुखावलात. माफ करा. तरी मला सांगायलाच हवं. तुमचे आणि आमचे जे गठ्ठे जुळतात त्यांवरून मला भीती वाटते की तुम्हाला [शब्द काढला आहे] असेल. तुम्ही रक्त द्या. लवकर द्या, पुष्कळ द्या. आमच्याकडचे सगळे पुरुष देतात. माझ्या भावाने दिलं नाही.'

हर्षदाने निरोप पुन्हा वाचला. हे तर उघड उघडच होतं. काढलेला शब्द यंत्रणेने काढला होता. नाती जोडणाऱ्या अशा ठिकाणी आजाराचं, औषधाचं किंवा अवयवाचं नाव घ्यायला कायद्याने बंदी होती, कारण त्यातून भोंदू घुसत. काढलेला शब्द अवयवाचा असणार, तिने ठरवून टाकलं. आणि 'रक्त द्या'! पुष्कळ द्या! भावाने दिलं नाही म्हणून आता नाना!

"बाईंचा निरोप नाही का गं आला?" नानांनी चहा पिताना विचारलं.

"नाही."

"रागावली बहुतेक. आपणही जरा जास्तच लिहिलं."

"बरं झालं, सुटलो," हर्षदा म्हणाली. स्वतःच्या आवाजातला सहजपणा तिला आवडला नाही, पण तिने चहात साखर ढवळली आणि विषय बदलला.

पुढचे तीन निरोपही गाळणीत अडले, आणि नाना रोज विचारत राहिले. महिन्याभराने तिच्या फोनवर एका बाईचा आवाज आला, चांगल्या वऱ्हाडी मराठीतला. "हॅलो, हर्षदाताई? मी वंदना बोचरे बोलून राहिली. मूळची अकोल्याची, इकडे टेनेसीत नर्स हाओ. इझोबेल आजीनं तुमचा नंबर काढाले लावला. ताई, तुमच्या बाबाले एक सांगायचं हाय, ते रक्ताचं..."

बस, हर्षदाला एवढंच हवं होतं. टोळीचा इकडचा माणूस सापडला. परकी बाई प्रेम दाखवते आणि मग आपल्या भाषेतली ताई फोन करते, हा डाव तिने डझनभर वेळा पाहिला होता.

"तुमचा परवाना क्रमांक सांगा," ती म्हणाली.

"परवाना? ताई, दोन मिंटं ऐका, हा लोखं..."

हर्षदाने फोन कापला. दुपारी तिने रीतसर तक्रार नोंदवली, सगळे निरोप पुरावा म्हणून जोडले, आणि दोन दिवसांत इझोबेल मॅककिलॉपचं खातं कायमचं बंद झालं. वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली. घरी येताना तिने नानांसाठी अंजीर आणले.

घरात तेव्हा नानांच्या अशक्तपणावर मोहीम उघडलेली होती. नाना दोन जिने चढले की बसून राहायचे. दुपारी झोपायचे ते दिवेलागणीलाच उठायचे. रंग काळवंडत चालला होता, करड्या छटेचा. आई म्हणायची, "रक्त कमी झालंय, दुसरं काही नाही." तिने भाज्या लोखंडी कढईत करायला घेतल्या. खजूर, हळिवाचे लाडू, बुधवारी कलेजी, आणि रात्री लोहाचं टॉनिक दोन चमचे. नाना बिचारे सगळं निमूट खायचे. "आयुष्यभर लोखंड घासलं, आता खातोय," एवढी एकच कुरकुर.

दवाखान्यातही गेले होते. तिथे आता आधी तपासखिडकी होती. तिच्यात वय, जिल्हा आणि समाज भरला की यंत्र त्या समाजात सापडणारे आजार शक्यतेप्रमाणे लावून दाखवायचं. हजारात एकालाही होत नाही ते यादीतच यायचं नाही, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचायचा. नानांच्या नावापुढे मधुमेह, संधिवात आणि वाढतं वय लागलं. साडेबारा टक्क्यांसाठी त्या अर्जात रकाना नव्हता. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

आठ महिने गेले. आणि एका सकाळी दूध आणायला उतरलेले नाना जिन्यावरच कोसळले.

मोठ्या रुग्णालयात त्यांच्या हृदयाचे ठोके कसेही पडत होते. तिसऱ्या दिवशी ते जरा बोलायला लागल्यावर एक तरुण डॉक्टर त्यांच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसली. डॉ. अफरीन तांबोळी, तिशीसुद्धा गाठलेली नसेल. आई औषधं आणायला खाली गेली होती. हर्षदा पायथ्याशी उभी होती.

"काका, मला तुमचं हे चित्र लागत नाहीये," डॉक्टर म्हणाली. "हृदय, यकृत, साखर, हा रंग. तुमचं वेगवेगळं दिसतंय सगळं, पण मला ते एकच वाटतंय. आधी काही झालं होतं का? कोणी काही म्हणालं होतं?"

नानांनी ओठ ओले केले. "एक बाई म्हणाली होती. परदेशातली. तिने मला विचारलं होतं, कातडी काळवंडते का, मुठीत पहिल्या दोन बोटांत दुखतं का. दुखत होतं. मला नवल वाटलं होतं."

डॉक्टर पुढे झुकली. "कुठली बाई?"

"अमेरिकेतली. पण मूळ आयर्लंडची. माझ्यात साडेबारा टक्के आहे ते."

डॉक्टरने त्यांचा हात हातात घेतला आणि मुठीचे सांधे दाबून पाहिले. नाना कळवळले. "आईवडील नात्यातले होते?" तिने विचारलं.

"हो. आई म्हणजे वडिलांची सख्खी मामेबहीण. आमच्याकडे मामाची मुलगी करतात. हरीबाबांचा मुलगा आणि मुलगी, त्यांची ही मुलं."

इंग्रजीत चुलत, मामे, आते, मावस, या सगळ्यांना एकच शब्द आहे हे हर्षदाला शाळेपासून माहीत होतं. बाईने तोच शब्द लिहिला असणार. यंत्राने त्यातला पहिला उचलला, चुलत. बाई विचारत होती ते बरोबर होतं आणि उत्तर 'हो' होतं. ज्या लग्नाचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला होता, त्याच लग्नाबद्दल ती विचारत होती.

संध्याकाळी तपासणीचे आकडे आले आणि डॉ. तांबोळीने त्यांना समजावून सांगितलं. आपल्या शरीराला लोह बाहेर टाकायचा रस्ता माहीत नाही. म्हणून आतड्यात एक दारवान असतो, तो गरजेपुरतंच लोह आत सोडतो. एका जनुकात एक अक्षर बदललं की हा दारवान झोपतो आणि अन्नातलं लोह आत येतच राहतं, वर्षानुवर्षं. ते यकृतात, हृदयात, सांध्यांत, कातडीत साचतं. आपल्याकडे हे अक्षर जवळजवळ नाहीच, पण आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या लोकांत ते घरोघरी आहे. एका बाजूने आलं तर फारसं बिघडत नाही. दोन्ही बाजूंनी आलं तर माणूस आतून गंजतो. सॅम्युएलचं एक अक्षर हरीला मिळालं, हरीकडून मुलाला आणि मुलीलाही. मग त्या दोघांच्या मुलांचं लग्न झालं, आणि दोन्ही पत्ते नानांच्या हातात आले.

"आणि उपाय?" आईने विचारलं. तिचा हात पदराशी चाळा करत होता. कढई, खजूर, कलेजी, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं.

"उपाय फार जुना आहे. रक्त काढायचं. रक्तात लोह असतं. ते काढलं की शरीर साठ्यातलं लोह वापरून नवं रक्त बनवतं. वेळेवर कळलं असतं तर रक्तपेढीत जाऊन नेमाने रक्त दिलं असतं तरी पुरलं असतं. तिकडे सगळे तसंच करतात." ती नानांकडे वळली. "त्या बाईंनी हे सांगितलं कसं नाही? एवढं विचारून पुढे निरोप नाही आला?"

"नाही आला," नाना म्हणाले. "आम्हीच तोडून बोललो. मग ती गप्प झाली."

हर्षदा गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. खातं बंद होतं, निरोप तिच्याकडेच होते. पण तिला राहवेना.

"आला होता, नाना," ती म्हणाली. "चार आले होते. मी अडवले. तिने लिहिलं होतं रक्त द्या, मला वाटलं ती मागतेय. एका बाईने फोनही केला होता. मी इझोबेलबाईंचं खातं बंद करून टाकलं."

नानांनी आढ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी रोज तुला विचारत होतो," ते म्हणाले. "रोज."

"फसवतील तुम्हाला असं वाटलं मला."

"फसलो असतो तर माझा मी फसलो असतो, हर्षे." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी नर्सला सांगायचे.

बाहेरच्या बाकावर तिने डॉक्टरला विचारलं, "आठ महिने आधी कळलं असतं तर?"

"हृदय सुधारेल बहुतेक. यकृताचा व्रण राहील. तो किती जुना आहे, आठ महिन्यांत किती वाढला, हे कोणीच सांगू शकणार नाही. मीही सांगणार नाही," डॉ. तांबोळी म्हणाली, आणि आत निघून गेली. यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात नानांचं पहिलं रक्त काढलं, पाव लिटर. हर्षदा काचेतून बघत होती. मग तिने तक्रारीच्या कागदांत जोडलेला नंबर शोधून वंदना बोचरेला फोन लावला. ती रागावेल, इझोबेलबाई रागावतील, याची तयारी केली होती. वंदनाने सगळं ऐकून घेतलं, "थांबा ताई, आजीलेच विचारते" म्हणाली, आणि तासाभराने पुन्हा फोन आला.

"आजी रडली थोडीशी. मंग म्हणे, रडून काय होते. तिचा भाऊ असाच गेला ना, पन्नाशीत, कोणी सांगतलंच नाही त्याले. म्हणून तर ती हे झाड घेऊन बसली हाय. तीनशे चाळीस लोकाइले लिहिलं तिनं. निम्मे शिव्या देतात म्हणे." वंदना थांबली. "तिनं एकच विचारलं, ताई. तुमच्या बाबाले भाऊबहीण हायेत का?"

हर्षदाने डोळे मिटले. होता. एक होता.

निवृत्तीकाका, नानांचा धाकटा भाऊ, अठ्ठावन्न वर्षांचा, घोटीच्या पलीकडे गावातल्या घरी राहायचा. त्याचे आईबाप तेच. आजीच्या दहाव्याला दोघा भावांत काही बोलाचाली झाली होती आणि त्याला नऊ वर्षं उलटली होती. नऊ वर्षांत ना फोन, ना फराळ. हर्षदाने फोन करून पाहिला. तिचं नाव ऐकताच काकाने तो ठेवून दिला.

निघण्यापूर्वी ती नानांच्या खाटेपाशी गेली. "मी निवृत्तीकाकांकडे चाललेय," ती म्हणाली. नानांचा पांघरुणावरचा हात थोडा हलला. तो होकार होता की काय, हे तिला कळलं नाही.

काका ओट्यावर बसून मक्याची कणसं सोलत होता. रंग नानांसारखाच करडा.

"कोण, दत्तूची का?" तो जागेवरून हलला नाही. "काय काम काढलं? नऊ सालात वाट सापडली नाही, आज कशी सापडली?"

"काका, नाना दवाखान्यात आहेत."

"मग? मला बोलावलं त्याने?"

"नाही."

"मग तू कशाला आली?"

तिने सांगितलं. भागूबाई, घाट, सॅम्युएल, दोन पत्ते, लोह. वाटेत येताना तिने नीट जुळवून ठेवलं होतं, पण बोलताना सगळं गडबडलं. काकाचा हात कणसावर थांबला, आणि त्याचे डोळे बारीक झाले. तो चेहरा तिला ओळखीचा होता. आरशात तोच दिसायचा.

"म्हंजे माझ्या आईच्या माहेरावर चिखल उडवायला आली तू," तो म्हणाला. "साहेबाची पैदास आम्ही, असं म्हणायचं तुला. कोणी धाडली? नाटक काय हे? आता माझं रक्त काढून द्यायचं म्हणते. कोणाला द्यायचंय?"

"कोणालाच नाही. काका, नुसतं तपासायला चला. घोटीत होईल. काही निघालं नाही तर माझं तोंड बघू नका."

"पोरी, गोड बोलणाऱ्या माणसाला काय हवं असतं ते मला चांगलं माहीत आहे. जा तू."

काकू दारात येऊन उभी राहिली होती. तिनेही बस म्हटलं नाही. हर्षदाने पर्स उघडून नानांच्या तपासणीचे कागद काढले, आणि ते तसेच हातात धरून राहिली. कागदांवर काकाने विश्वास ठेवावा तरी का? ती स्वतः त्याच्या जागी असती तर ठेवला नसता. दहा वर्षं ती लोकांना हेच शिकवत आली होती.

"काका," ती म्हणाली, "आठ महिन्यांपूर्वी एका बाईने हेच नानांना कळवलं होतं. मी ते त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. मला वाटलं फसवणूक आहे. नाना रोज विचारायचे, निरोप आला का, आणि मी रोज नाही म्हणायचे. चहा पिता पिता, त्यांच्या तोंडावर. आता त्यांचं यकृत खराब झालंय. मी हे त्यांच्यापुढे कबूल केलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत."

काकाने सोललेलं कणीस खाली ठेवलं.

"बोलतच नाही?"

"नाही."

"पाणी मागतो का तुझ्याकडे?"

"नर्सकडे मागतात."

"तो तसाच आहे," काका म्हणाला. "माझ्याशी तर नऊ साल झाली." तो गुडघ्यावर हात टेकवून सावकाश उठला. "स्वतःची एवढी नाचक्की खोटं बोलून कोणी सांगत नाही. अगं, माझा बाहेरचा सदरा दे, घोटीला जाऊन येतो."